सेंटर लागतोच!

"भाऊजी, मधला स्पीकर नाही म्हणजे तोंडाशिवाय माणूस. हात आहेत, पाय आहेत, कपडे झकास, पण बोलणार कुठून?"

"तुझ्या तोंडाची काळजी तू कर. माझ्या भिंतीवर काय लावायचं ते मी बघतो."

"बघा की. पण सेंटर लागतो."

"नाही लागत."

"लागतो."

"नाही लागत, नाही लागत, नाही लागत! आणि त्या कपाटाला हात लावू नकोस, पॉलिश ओलं आहे."

मेव्हण्यानं हात काढला, बोटं हुंगली आणि सोफ्याला पुसणार तेवढ्यात भाऊजींचे, म्हणजे फ्रेमवाल्याचे डोळे बघून स्वतःच्या पँटला पुसली. दुपारचे साडेतीन वाजले होते. चार वाजता सिनेमा सुरू होणार होता. सासू-सासरे वाटेत होते. आणि हा बाबा अर्धा तास आधी येऊन डोकं खात होता.

मेव्हणा टीव्ही-स्पीकरच्या शोरूममध्ये होता. गिऱ्हाईक आलं की डेमो द्यायचा, नाही आलं तरी द्यायचा. घरात मिक्सर लावला तरी आधी त्याचं भाषण व्हायचं. हा होम थिएटरचा संचही त्यानंच आणून दिलेला. डावा, उजवा, मागचे दोन, तो ढम ढम करणारा डबा आणि मधला. सहाच्या सहा. त्यातला मधला आता घरात नव्हता.

खरं सांगायचं तर भांडण स्पीकरचं नव्हतंच. भांडण होतं चार बोटांचं.

फ्रेमवाल्याचं फोटोंना फ्रेम करायचं दुकान होतं, घरापासून दहा मिनिटांवर. त्याच्या हातून गेलेला फोटो केसाएवढाही तिरका लागला नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा आणि ते खरंही होतं. टीव्हीचं कपाट त्यानं स्वतः केलं. पंधरा दिवस, रोज दुकान बंद झाल्यावर. टीव्हीला चारही बाजूंनी सोनेरी पट्टी मारली, म्हणजे बातम्या देणारी बाईसुद्धा आजीच्या फोटोसारखी दिसावी. डाव्या-उजव्या स्पीकरला खण केले. टीव्हीच्या खाली मधल्याला खण केला. टीव्हीचं माप तीनदा घेतलं, बाजूच्या स्पीकरचं दोनदा. मधल्याचं मात्र टेप न काढता खोक्यावरून वाचलं, आणि वाचताना भलताच आकडा उंचीचा समजला. स्पीकर चार बोटं जास्त उंच निघाला.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. खण बघितला, स्पीकर बघितला, आणि जाहीर केलं, "मधल्याची गरजच नसते. उगाच खपवतात लोक." खणात बायकोनं आणलेली काचेची बाटली ठेवली. तो स्पीकर दुकानात नेला आणि नुकत्या चिकटवलेल्या फ्रेमांवर दाबाला ठेवायला लागला. वजन मस्त होतं.

पण गडी नुसता हट्टी नव्हता. सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मशीनसोबतचं पुस्तक त्यानं वाचलं. मशीनमध्ये एक जागा होती, तिथं आपण सांगायचं असतं की मधला स्पीकर आहे की नाही. 'नाही' म्हटलं की मशीन लोकांचं बोलणं डाव्या-उजव्यात सारखं वाटून देतं, आणि बरोबर मधे बसलं तर वाटतं पडद्यातूनच कुणी बोलतंय. काल त्यानं 'नाही' केलं, बायकोला बरोबर मधे बसवलं आणि एक सिनेमा लावून बघितला. स्वच्छ आवाज.

तेच त्यानं मेव्हण्याला आता ऐकवलं. मेव्हण्यानं ऐकलं, मान वाकडी केली, सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसला. "इथनं सगळे डाव्या दारामागून बोलतायत."

"मग मधे बस ना!"

"सगळं घर एकाच्या मांडीवर एक बसणार का?"

"बाबा मधे बसतील. आज बाबांनी ऐकायचंय. बाकीच्यांनी कापूस घाला कानात."

इथं मेव्हण्यानं मान डोलावली. कारण ते खरं होतं. आज बाबांनीच ऐकायचं होतं.

सासऱ्यांची गाडी शिकवायची शाळा होती. दोन गाड्या, एक खोली, एक टेबल. त्या टेबलावर फ्रेमवाल्याची बायको सहा वर्षं बसली. फॉर्म भर, फोटो चिकटव, पुढचा. आठ महिन्यांपूर्वी ती उठली आणि म्हणाली, मी आवाजाचं काम करणार. परदेशी सिनेमे येतात, त्यांना आपल्या भाषेत आवाज देणार. सासऱ्यांना वाटलं पोरीला ताप आलाय. मग घासाघीस होऊन ठरलं ते असं : आठ महिने घे. एक सिनेमा दाखव, ज्यात तुझा आवाज मला माझ्या कानांनी ओळखू आला पाहिजे. नाही आला तर पुढच्या सोमवारी टेबलावर.

तो सिनेमा आज होता. परदेशातली एक बाई डोंगरात रुग्णवाहिका चालवते, तिचा सगळाच्या सगळा आवाज बायकोचा. टीव्हीवर एकदाच लागणार, चार वाजता. आणि उद्या सोमवार.

बायको शब्दाची पक्की होती, हीच भीती होती. टेबलावर बसायची तेव्हा घरी यायची ती मुकी. "चहा?" "हं." "दमलीस?" "हं." आणि आता? आता बाथरूममधून तीन माणसांचं भांडण ऐकू यायचं आणि तिन्ही तीच असायची. भाजी चिरताना म्हातारा खोकायचा, कपडे वाळत घालताना कुणीतरी प्रेमात पडायचं. फ्रेमवाला एरवी तापट माणूस, आवाज झाला की वैतागायचा. पण या आवाजांवर त्याचा जीव होता. ते परत 'हं'वर यावेत हे त्याला परवडणारं नव्हतं.

पावणेचारला सासू-सासरे आले. सासऱ्यांनी चपला काढून सरळ रेषेत, गाडी लावावी तशा लावल्या. आत आले, कपाट बघितलं.

"पट्टी जरा जास्त झाली, जावईबापू."

"बाबा, मधे बसा. बरोबर मधे. थोडं उजवीकडे. हां, हलू नका."

"लायसन्सचा फोटो काढताय का माझा?"

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती घेऊन स्वयंपाकघरात गेली. फ्रेमवाल्याला दारातून तिची पाठ दिसत होती. ती "हो" म्हणाली. मग "हो का" म्हणाली. मग नुसतीच उभी राहिली, फोन खाली केला तरी. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोऱ्या माउंटसारखा झाला होता, ज्यावर अजून फोटो लागलेला नाही तसा.

"कुणाचा होता?"

"कुणाचा नाही. मशीनचा रिमोट दे जरा, आवाज कमी करते."

त्यानं दिला. तिनं तो मशीनकडे रोखून दोन-चार बटणं दाबली, परत आत गेली, मिनिटभरानं आली, रिमोट त्याच्या हातात ठेवला. अंगात स्वेटर घालून आली होती. भर दुपारी. फ्रेमवाल्याच्या हे सगळं लक्षात आलं, पण विचार करायला फुरसत कुठे होती? मेव्हणा सासूबाईंना सांगत होता, "आई, मधला स्पीकर नसला ना, की..." आणि त्याला गप्प करणं जास्त गरजेचं होतं.

चार वाजले. सिनेमा सुरू झाला.

आधी वारा आला. काय वारा होता! मागच्या स्पीकरमधून आला आणि सासूबाईंनी मान वळवून खिडकी बघितली. मग गाडीचं इंजिन धडधडलं, ढम ढम डब्यानं जमीन हलवली. सासऱ्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला. चाळीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्या पायाला सवय लागली होती, धोका दिसला की ब्रेक दाबायचा. पडद्यावर वळण आलं, पाय दाबला गेला. फ्रेमवाला खूष झाला. मग गाडी थांबली, ती बाई उतरली, समोरच्या माणसाकडे बघितलं, तोंड उघडलं.

काही नाही.

ओठ हलले. हात हलले. मागे एक कुत्रं भुंकलं, ते अगदी स्पष्ट. बाईच्या बुटाखाली बर्फ करकरला. बाई मात्र माशासारखी नुसतं तोंड उघडत होती आणि मिटत होती.

"हळू बोलतेय का?" सासूबाई पुढे सरकल्या.

फ्रेमवाल्यानं आवाज वाढवला. कुत्रं मोठ्यानं भुंकलं.

मेव्हणा मागे टेकला. त्यानं फक्त हाताची घडी घातली. त्या घडीनंच फ्रेमवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"काल होता आवाज! मघाशी तूही ऐकलास!"

"ऐकला हो. डाव्या दारामागून."

"तू काय केलंस मशीनला?"

"मी? मी तर तुमच्या कपाटालासुद्धा हात नाही लावला. पॉलिश ओलं आहे ना."

तेवढ्यात जाहिरात लागली. साबणाची बाई खणखणीत आवाजात म्हणाली की तिची त्वचा आता मऊ झाली आहे. सगळ्यांना ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या, "ही बघा, ही बोलते."

"आई, जाहिरात दोन वाटांनी येते, डाव्या आणि उजव्या," मेव्हण्यानं डेमो सुरू केला. "सिनेमा येतो सहा वाटांनी. त्यात माणसांचं बोलणं येतं मधल्या वाटेनं. आणि मधली वाट भाऊजींनी..." त्यानं काचेच्या बाटलीकडे हात केला. "इथं बाटली ठेवलीय."

जाहिरात संपली. बाई परत मुकी झाली.

सासऱ्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. ते फार वाईट होतं. ते बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"अहो पण टीव्हीला स्वतःचा आवाज नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "त्याचाच लावा की."

बरोबर! टीव्हीचा रिमोट! फ्रेमवाला धावला. टीपॉयवर नाही. सोफ्याच्या उशांखाली नाही. सासऱ्यांना उठवून त्यांच्याखाली बघितलं, नाही. मेव्हणा म्हणाला, "टीव्हीवरच बटणं असतात खालच्या बाजूला, दाबा." असतात. होती. त्यांच्यावर सोनेरी पट्टी होती, सहा स्क्रू आणि गोंद लावून बसवलेली.

"कपाट मस्त केलंय भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "चोरसुद्धा काही करू शकणार नाही. मालकसुद्धा."

फ्रेमवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर शोधायला खण उपसला. बायको सोफ्याच्या कडेला बसून होती. हात स्वेटरच्या खिशात. शोधायला उठली नाही. "तू बघितलास का टीव्हीचा रिमोट?" त्यानं विचारलं. तिनं पडद्यावरून नजर न हलवता मान हलवली. हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

"किल्ली द्या," मेव्हणा उभा राहिला.

"कसली?"

"दुकानाची. स्पीकर तिथंच आहे ना? दहा मिनिटं जायला, दहा यायला. अजून दीड तासाचा सिनेमा आहे. ताईचा आवाज ऐकायचाय की तुमचं खरं करायचंय?"

फ्रेमवाल्यानं खिशातून किल्ली काढली आणि अशी दिली जशी स्वतःचा दात काढून देतोय. मेव्हणा दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. तो मात्र स्पष्ट आला.

खोलीत परत वारा, इंजिन, बूट. सासरे म्हणाले, "मी तर म्हणतो..."

आणि तेव्हा बायको उठली. टीव्हीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अर्धी कपाटाला टेकून. ओलं पॉलिश तिच्या स्वेटरला लागलं असणार, पण फ्रेमवाला एक शब्द बोलला नाही. पडद्यावरच्या बाईनं तोंड उघडलं आणि बायको म्हणाली :

"पूल बंद असेल तर मी नदीतून नेईन. पण हा माणूस मी इथं मरू देणार नाही."

ओठाला ओठ. एक अक्षर मागे नाही, पुढे नाही. सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

समोरच्या पोलिसानं तोंड उघडलं. आता? बायकोनं हनुवटी छातीकडे ओढली आणि घोगरी झाली. "बाई, नदीत गाडी घातलीत तर मला तुमचं नाव लिहावं लागेल."

"मग नीट लिहा. लोक चुकीचं लिहितात."

मागं स्ट्रेचरवर एक म्हातारा पडला होता. तो कण्हला, तिनं कण्हून दाखवलं. म्हाताऱ्याची नात रडली, ती रडली. महिनोन्महिने घरात घोकलेलं सगळं तिच्या तोंडात होतं, फक्त स्वतःचं नाही, सगळ्यांचं. एकदा पोलिस आणि बाई एकदमच बोलले. तिनं अर्धं वाक्य याचं, अर्धं तिचं असं काही केलं की दोघं बोलल्यासारखं वाटलं. सासऱ्यांचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथंच राहिला.

फ्रेमवाल्याला लाज वाटत होती. आपल्या चार बोटांसाठी ही बाई घसा फोडतेय! तो सरपटत मशीनपाशी गेला. मशीनवर एक छोटी काच होती, तिच्यावर अक्षरं यायची. त्यानं बटण दाबत दाबत ती जागा काढली. काचेवर आलं : सेंटर, आहे.

आहे?

काल त्यानं स्वतः 'नाही' केलं होतं. स्वतःच्या बोटानं. मेव्हण्याला तर त्यानं कपाटाला हात लावू दिला नव्हता, आणि घरात ती जागा माहीत असलेली माणसं दोनच होती. एक तो. दुसरी काल शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवत होती.

कशाला करेल ती असं? चुकून झालं असेल. नीट करायला एक बटण पुरे होतं. पण मधेच काही गडबड झाली तर तिचं बोलणं तुटेल, म्हणून त्यानं आधी हळूच खात्री करायची ठरवली. कानाला लावायचा हेडफोन काढला आणि मशीनला खुपसला. हेडफोन लागला की स्पीकर बंद होतात, हे तो विसरला होता. वारा गेला, इंजिन गेलं, सगळंच गेलं.

"आता काय केलंत?" सासरे ओरडले. "होतं तेपण घालवलंत!"

पण त्याच्या कानात सगळं येत होतं. वारा, इंजिन आणि बोलणं. बाईचं बोलणं. "मी थांबणार नाही, तुम्ही दार लावा." गोड, नाकातून, साखरेच्या पाकातून काढल्यासारखा आवाज.

तो त्याच्या बायकोचा नव्हता.

त्यानं हेडफोनचा एक कान बाजूला केला. आता डाव्या कानात ती साखर आणि उजव्या कानात, खोलीतून, बायको. तेच शब्द. एकाच वेळी. साखरवाली सांगत होती की दार लावा. बायको सांगत होती की दार लावा, आणि तिनं सांगितल्यावर उठून लावावंसं वाटत होतं.

तिचा आवाज त्यांनी काढून टाकला होता. दुसरीचा घातला होता. म्हणून तो फोन. म्हणून मशीनचा रिमोट. म्हणून टीव्हीचा रिमोट सापडत नाही, म्हणून भर दुपारी स्वेटर. आई-बाप दारात चपला काढून बसलेले, चारला दहा कमी, आणि तिनं उभ्या उभ्या एवढंच केलं : जो आवाज आपला नाही त्याची वाट बंद केली.

त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती. तोंडानं पोलिसाचं वाक्य चालू होतं, एक अक्षर चुकलं नाही. डोळे मात्र म्हणत होते, नको.

फ्रेमवाल्यानं हेडफोन उपसला. वारा परत आला. "नाही जमत," तो मोठ्यानं म्हणाला. "बिघडलंय."

आणि मग त्याला आठवलं. किल्ली! मेव्हणा!

तो गॅलरीत पळाला आणि फोन लावला. चार वेळा वाजल्यावर मेव्हण्यानं उचलला.

"स्पीकर आणू नकोस."

"सापडला की! फोटोवर दाबायला ठेवलात होय? भाऊजी, हा स्पीकर आहे का इस्त्री?"

"त्याच्याखाली गोंद ओला आहे, उचलू नकोस त्याला."

"उचलला." पलीकडं काहीतरी खरवडल्याचा आवाज. मग, "भाऊजी, याला एक आजोबा चिकटलेत."

"काय?"

"फ्रेमसकट. मोठ्या मिशा आहेत. निघत नाहीत."

"ओढू नकोस! गिऱ्हाईकाचे आहेत! ठेव तसंच आणि घरी ये. नाहीतर घरी येऊच नकोस."

"का पण?"

खरं सांगावं? मेव्हण्याला? त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, जिन्यातच डेमो दिला असता त्यानं. फ्रेमवाल्यानं दात आवळले. जे शब्द इतके दिवस कुणाला सांगितले नव्हते, ते बाहेर काढले.

"मी हरलो. सेंटर लागतो."

"काय म्हणालात?"

"लागतो म्हटलं, लागतो! कपाटाचं माप चुकलं माझं. चार बोटं. म्हणून म्हणत होतो नाही लागत. बास? आता आणू नकोस."

फ्रेमवाल्याला वाटलं आता मेव्हणा हसेल. तो हसला नाही. आवाज एकदम मऊ झाला त्याचा. "भाऊजी, तुम्ही एवढं कबूल केलंत, मग मी काय दुश्मन आहे का तुमचा? आता तर आणणारच. ताईच्या जन्माचा प्रश्न आहे. सिग्नल तोडून येतो, आठ मिनिटांत हजर." आणि ठेवला. परत लावला तर उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं.

फ्रेमवाला आत आला तेव्हा परत जाहिराती लागल्या होत्या. बायको पाणी पीत होती. सासरे पुढे वाकून बसले होते.

"आवाज ओळखला," सासरे म्हणाले.

"न ओळखायला काय झालं, समोर उभी आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण काय गं बोलतेस! तो म्हातारा कण्हला तेव्हा मला वाटलं हेच उठायला लागले."

"ओळखला," सासरे परत म्हणाले. "पण ठरलं होतं ते सिनेमातून ऐकायचं. नियम म्हणजे नियम. पोरगा आणतोय स्पीकर. पुढचा भाग सिनेमातून ऐकू."

बायकोनं पाण्याचा पेला खाली ठेवला. ठेवताना तो टीपॉयच्या काचेवर वाजला.

"सिनेमातून नाही येणार!" फ्रेमवाला इतक्या जोरात बोलला की सासूबाईंनी बशी धरली. "स्पीकर आला तरी नाही येणार. तो या कपाटात बसत नाही. माप चुकलंय माझं. बघा, हा खण बघा! सेंटर लागतोच, आणि माझ्यामुळं नाहीये. चूक माझी आहे, हिची नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांच्या संसारात त्यानं माप चुकल्याचं पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग जमिनीवर ठेवा."

फ्रेमवाल्यानं खाली बघितलं. जमीन होती. भरपूर होती. सासरे उठले, खणापाशी गेले, आत बोटं घालून बघितली, बाटली हलवली, परत ठेवली. मग बायकोकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. खाली रस्त्यावर स्कूटर येऊन थांबली. तिचा हॉर्न दोनदा वाजला, विजयाचा.

फ्रेमवाला दाराकडे धावला. चपला शोधताना कुणाच्या तरी पायात आला. सासरे होते. आतून सिनेमा परत सुरू झाल्याचा वारा आला, आणि वाऱ्यावरून बायकोचा आवाज, पहिल्यापेक्षा जरा घाईत.

"जावईबापू," सासरे हळू म्हणाले, "त्याला जिन्यातच धरा. सिनेमा संपेपर्यंत."

"बाबा?"

"मी चाळीस वर्षं गाडी शिकवली. शिकणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं, तोंड खोटं बोलतं. हात-पाय बघायचे. तिचा डावा हात मघापासून त्या खिशातून निघालेला नाही. तिथं लांबट काहीतरी आहे आणि तुम्ही तेच शोधत माझ्याखाली बघितलंत."

फ्रेमवाल्याचं तोंड उघडं राहिलं. आवाज काही आला नाही.

"का, ते मला सांगू नका. तिनं ठरवलं तर ती सांगेल." सासऱ्यांनी आत बघितलं. पाय इथंही, दारात उभ्या उभ्या, ब्रेक शोधत होता. "गाडी मधेच बंद पडली की लोक रडतात, हॉर्न वाजवतात, दुसऱ्याला शिव्या घालतात. ही खाली उतरली आणि एकटीनं ढकलत घाटावर आणली. हिला परत फॉर्म भरायला बसवू? टेबलासाठी दुसरं कुणी बघतो मी."

जिन्यातून धापा आणि ठोके ऐकू आले. काहीतरी कठड्याला आपटत वर येत होतं.

"भाऊजीऽऽ! दार पूर्ण उघडा! आजोबा अडकतायत!"

"बाबा, मी..."

"जा, जा. बोलत काय बसलात?"

फ्रेमवाल्यानं एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात सासऱ्यांची चप्पल घातली. दार मागून ओढून घेता घेता तो सासऱ्यांना म्हणाला,

"बरं, निघतो मी आता."